मोहरीचा मान

टीमोची कंबर नेमकी आईच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सकाळी धरली. मोजा घालायला तो वाकला तो वाकलेलाच राहिला, मग हळूहळू कलंडला, आणि गालिच्यावर आडवा पडून त्याने बायकोला सांगितलं, "तुम्ही दोघी जाऊन या."

"आम्ही दोघीच?" वीबके म्हणाली.

"टेबल राखून ठेवलंय. आईनं केस सेट करून घेतलेत. आता रद्द केलं तर पुढच्या वाढदिवसापर्यंत ऐकवेल मला."

"आणि फेन्या?"

"राहील माझ्याजवळ. मी असाही हलणार नाही. माझ्या पाठीवर गाड्या चालवील."

वीबकेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणून टीमोत उणिवा काढायला बसलं तर दुपार पुरली नसती, पण सासू आणि सून यांच्यामधली भिंत म्हणून तो अव्वल होता. जेवायला बसताना तो न चुकता दोघींच्या मध्ये बसायचा आणि इकडचं बोलणं तिकडे पोचतं करायचा. तो नाही म्हणजे आता थेट बोलावं लागणार, आणि तेच तर जमत नव्हतं.

कारण इर्मट्राउट वाइत्सेल आपल्या सुनेला 'तुम्ही' म्हणत असे. लग्नाला पाच वर्षं झाली, नात झाली, नात बोलायला लागली, तरी तुम्हीच. भांडण नव्हतं, राग नव्हता. वाढदिवसाला भेट यायची, आजारपणात सूप यायचं. पण "वीबके, तुम्ही बटाटे घ्या," "वीबके, तुम्ही दमलेल्या दिसता," हे असं. सगळ्या बुट्सबाख गावात बाई कुणाला तुम्ही म्हणत असेल तर पाद्र्याला, बँकेच्या मॅनेजरला आणि सुनेला. पोस्टमनला तू. शेजारच्या बोक्याला तू. धाकट्या मुलाची ती नाकात बाळी घालणारी मैत्रीण, जी दोन महिन्यांत त्याला सोडूनही गेली, तिला पहिल्याच रविवारी तू. आणि मोठ्यांनी तुम्ही म्हटलं की धाकट्यांना तुम्हीच म्हणावं लागतं. त्या मुलखात 'तू' मागून मिळत नाही. वयाने मोठ्या माणसाने आपण होऊन द्यावं लागतं. मागणारा निर्लज्ज ठरतो.

वीबके मागणाऱ्यातली नव्हती. गावात तिचं कानाच्या मशीनचं दुकान होतं, पण मूळची ती हाम्बुर्गची मुलगी, तिकडची माणसं मुळात जपून बोलणारी. तिने दुसराच मार्ग काढला होता. ती सासूशी तू-तुम्ही काहीच न येणाऱ्या वाक्यांत बोलायची. "कॉफी चालेल का?" "खिडकी लावायची?" "झोप झाली वाटतं." एकदा तर तिने अख्खा नाताळ, तीन जेवणं आणि चर्चसकट, असा काढला होता. टीमोला यात गंमत वाटायची. पण गेल्या आठवड्यात तीन वर्षांची फेन्या आपल्या शीच्या भांड्यावर बसून आईला म्हणाली, "वीबके, तुम्ही कागद द्या," तेव्हा टीमो हसून हसून लोळला आणि वीबके स्वयंपाकघराचं दार लावून रडली. तिला वाईट वाटत होतं, आणि ते लपवून लपवून ती कंटाळली होती.

आणि दुसरी गोष्ट मोहरीची. कार्निवलच्या, म्हणजे सोंगं घेऊन फिरायच्या सणाच्या दिवसांत त्या भागात घरोघरी क्रेपल होतात. क्रेपल म्हणजे मुठीएवढा गुबगुबीत डोनट, त्याला भोक नसतं. आत जॅम, वर पिठीसाखर. वाइत्सेलांच्या घरी त्यातल्या एकात जॅमऐवजी फेसलेली मोहरी भरायची रीत होती. ती ज्याला येईल त्याने चेहऱ्यावरची रेघ न हलवता शेवटपर्यंत खायची, आणि बाकीच्यांनी चोर ओळखायचा. टीमोला दोनदा आली होती, धाकट्याला तीनदा, आणि ती नाकात बाळी घालणारी तर मोहरी लागताच टेबलाखाली गेली होती. वीबकेला कधीच आली नाही. येऊच दिली जात नव्हती. इर्मट्राउट मोहरीवाल्या क्रेपलला काडीने बारीक खूण करायची आणि ताट फिरताना ते सुनेपासून लांब राहील असं बघायची, हे वीबकेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहुण्याला मोहरी देत नाहीत. पाच कार्निवल वीबकेने गोड तोंडाने काढले, आणि दर वर्षी तो जॅम तिला जरा जास्तच गोड लागला.

तेव्हा, भिंतीला गालिच्यावर ठेवून, दोन वाइत्सेलबाई फ्रँकफुर्टला निघाल्या.

"गाडीत फार गरम होतंय, वीबके," इर्मट्राउट म्हणाली. तिने पर्स मांडीवर धरली होती आणि केसांना धक्का नको म्हणून मान टेकवली नव्हती.

"काच खाली घ्यायची?"

"तुम्हाला वारा लागेल."

"चालेल."

"नको, केस विस्कटतील."

काच बंदच राहिली. कार्निवलचेच दिवस होते; रस्त्याच्या कडेला एक समुद्री चाचा आणि दोन भोपळे बसची वाट बघत उभे होते. इर्मट्राउटने त्यांच्याकडे बघून मान हलवली, ओळखीचे असल्यासारखी.

हॉटेल शहराच्या बोर्नहाइम भागात होतं. नाव 'ओने लोख', म्हणजे 'बिनभोकाचं'. तिथे सूपपासून शेवटच्या गोडापर्यंत जे काही मिळे ते क्रेपलमध्ये, क्रेपलवर किंवा क्रेपलखाली मिळे. टीमोने कुठेतरी वाचलं होतं आणि आईने जन्मभर बेकरीच्या गल्ल्यामागे उभं राहून क्रेपल विकले, तेव्हा तिला हे दाखवायचंच असं ठरवलं होतं. जन्मभर क्रेपल विकलेल्या बाईला वाढदिवसाला पुन्हा क्रेपलच कसं आवडेल, हा प्रश्न वीबकेने विचारला होता. त्यावर टीमो म्हणाला होता, तू आईला ओळखत नाहीस. हे मात्र खरं होतं.

"इथं पूर्वी लोकरीचं दुकान होतं," दारातच इर्मट्राउट म्हणाली. "टीमोच्या सगळ्या टोप्या इथल्या लोकरीच्या. आता बघा काय."

आत एक तरतरीत पोरगा पुढे आला. कार्निवल म्हणून त्याने डोक्यावर मधमाशीची स्प्रिंगवाली शिंगं लावली होती, आणि तो चालला की ती त्याच्या आधी मान डोलवायची.

"या, या. मी लेनार्ट. वाढदिवस तुझा ना?" तो इर्मट्राउटला म्हणाला. "खिडकीपाशी बस. काय पिणार तू?"

वीबकेने पटकन सासूकडे पाहिलं. असल्या नव्या हॉटेलांत हल्ली सगळ्यांनाच तू म्हणतात हे तिला माहीत होतं, पण सासूबाईंना माहीत असेल का? आता ही पर्स उचलणार आणि आपण परत गाडीत, काच बंद, असं तिला वाटलं.

"सफरचंदाची वाइन आण," इर्मट्राउट म्हणाली. "आंबट. आणि तुझं डावं शिंग वाकलंय बघ."

"कुठलं? हे?"

"तुझं डावं रे. इकडे वाक." आणि तिने त्याचं शिंग सरळ करून दिलं.

अर्धं मिनिट. त्या पोराला अर्धं मिनिट लागलं होतं. वीबकेने पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. तिला त्या शिंगवाल्याचा मनापासून हेवा वाटला, आणि एका वेटरचा आपण हेवा करतो आहोत याची लाजही वाटली.

"काय मागवायचं?" तिने विचारलं.

"तुम्हीच मागवा. चष्मा घरी ठेवलाय मी. टीमो फोटो काढणार होता ना." इर्मट्राउटने कार्ड लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं आणि सुनेच्या हातात दिलं. "मला सगळं चालतं. फक्त आत मासा नको. क्रेपलमध्ये मासा घालणाऱ्याला मी मत देणार नाही."

वीबकेने खारं ताट मागवलं. सहा क्रेपल, प्रत्येकात वेगळं सारण, मासा कशातच नाही. मग ताट आलं. सहाही क्रेपल हुबेहूब गोडाचे दिसत होते, वर पांढरा भुगा पेरलेला. इर्मट्राउटने बोट लावून चाखलं.

"चीज आहे," ती म्हणाली. "साखर म्हणून चीज. वा. डोकं आहे पोराला."

पहिलं दोघींनी अर्धं अर्धं घेतलं. आत सफरचंदाच्या वाइनमध्ये शिजवलेलं डुकराचं मांस होतं, रसाने भरलेलं. तो इर्मट्राउटच्या हनुवटीवर आला आणि तिने तो बोटाने परतवला. दुसऱ्यात पालेभाज्यांची थंड हिरवी चटणी आणि उकडलेलं अंडं. तिसऱ्यात कांदा-व्हिनेगर लावलेलं तिकडचं ते वासाचं चीज होतं. वीबकेने नाकाने श्वास घेणं थांबवून ते गिळलं.

"आवडलं नाही तुम्हाला," इर्मट्राउट म्हणाली.

"वेगळं आहे."

"पाच वर्षं 'वेगळं आहे' म्हणताय. वास येतो म्हणा की सरळ. मलाही येतो. वासासाठीच खातो आम्ही ते." हे ती हसून म्हणाली, आणि वीबकेला वाटलं, दिवस बरा जाणार बहुतेक. पीठही हलकं आहे, तेल बदलतात वाटतं नेमानं, असं सासू आपल्याशीच पुटपुटत होती. वीबकेने उत्साहाने ताट फिरवलं, सगळ्यांत फुगलेलं क्रेपल सासूच्या समोर आणलं आणि म्हणाली, "हे पूर्ण घ्यायचं. वाढदिवसाचं."

इर्मट्राउटने मोठा घास घेतला.

आणि ती थांबली. चघळणं थांबलं, हात हवेत थांबला. तिने हळूच मान वर करून वीबकेकडे पाहिलं, असं की वीबकेने आपल्या ब्लाउजवर काही सांडलं का ते बघितलं. मग इर्मट्राउट पुन्हा चघळू लागली. एक घास, दुसरा घास, तिसरा. चेहरा गुळगुळीत. फक्त डोळ्यांत पाणी जमत गेलं, आणि नाकाचा शेंडा लाल झाला. तिने शेवटचा तुकडासुद्धा खाल्ला, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाली, "छान आहे."

"रडायला येतंय का?" वीबकेने घाबरून विचारलं.

"मला? कशाने?" इर्मट्राउट उठली. "मी हात धुऊन येते. तुम्ही गोड मागवू नका, मीच सांगते त्याला जाता जाता. तुम्हाला आलूबुखारचा जॅम आवडतो ना?"

ती ताठ मानेने गेली. वीबके टेबलाशी एकटीच राहिली. आपण काय केलं? नवऱ्याशिवाय पहिल्यांदा बाहेर घेऊन आलो आणि सत्तराव्या वाढदिवसाला बाईला रडवलं. काय होतं त्या क्रेपलमध्ये? तिने कार्ड ओढलं. एक, मांस. दोन, चटणी. तीन, वासाचं चीज. चार नंबरला फुली होती, आणि फुलीचा खुलासा पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत: 'सणाचं खास. मोहरी. बाकी काही नाही.'

"अरे देवा," वीबके म्हणाली.

म्हणजे सासूबाईंना मोहरी गेली होती. आणि ते क्रेपल ताट फिरवून, पूर्ण घ्या म्हणून, कुणी दिलं? सुनेने. वाइत्सेलांच्या घरात कुणाची टाप नव्हती इर्मट्राउटला मोहरी द्यायची. मोहरी ती द्यायची, घ्यायची नाही. वीबकेने मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवायला घेतली. घाईत ती सगळी 'तुम्ही'ची निघाली.

पण इर्मट्राउट परत आली ती एकटी नाही. तिच्या पाठोपाठ लेनार्ट दोन बशा घेऊन आला. व्हॅनिलाच्या पिवळ्या रसात एकेक क्रेपल, वर खरी साखर.

"मला काहीतरी सांगायचंय," वीबके म्हणाली.

"आधी खाऊन घ्या. गार होईल."

"पण ते मघाचं..."

"खा हो. गरम आहे तोवर."

वीबकेने काटा घातला आणि घास घेतला. गोड रस, मऊ पीठ, आणि मग आतून काहीतरी उठलं आणि सरळ नाकातून डोक्यात गेलं. मोहरी. थोडीथोडकी नाही, सढळ हाताने ठासून भरलेली. तिच्या डोळ्यांपुढे व्हॅनिला आणि खिडकी एक झाली.

तिला आधी वाटलं की स्वयंपाकघरात चूक झाली. वेटरला हाक मारावी, हलकेच सांगावं, हाम्बुर्गला करतात तसं. तिने डबडबलेल्या डोळ्यांनी वर पाहिलं. समोर इर्मट्राउट आपलं क्रेपल न खाता बसली होती. दोन्ही कोपर टेबलावर, मान पुढे, आणि पाच वर्षांत सुनेकडे पाहिलं नव्हतं एवढ्या लक्षपूर्वक ती तिच्याकडे बघत होती. तिच्या ओठाचा कोपरा थरथरत होता. गल्ल्यामागे लेनार्ट तोंडावर फडकं दाबून उभा होता आणि त्याची शिंगं गदागदा हलत होती.

मग वीबकेच्या ध्यानात आलं. मला मोहरी दिली. मला.

तिचं नाक पेटलं होतं, कान पेटले होते, आणि आत कुठेतरी तिला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर येऊ न देणं हे मोहरीपेक्षा अवघड गेलं. तिने दुसरा घास घेतला. नीट चावला. तिसरा घेतला, आणि व्हॅनिलाचा रस क्रेपलच्या तुकड्याने पुसून तोही खाल्ला. काटा-सुरी बशीत जुळवून ठेवली.

"कसं होतं?" इर्मट्राउटने विचारलं.

"छान." आवाज घोगरा आला. "जॅम जरा कमी वाटला."

इर्मट्राउट फुटलीच. ती मागे रेलून हसली, सेट केलेले केस खुर्चीच्या पाठीवर चेपले तरी हसत राहिली, टेबलावर तळहात आपटत राहिली. शेजारच्या टेबलावरचे लोकही हसायला लागले, कशाला ते कळल्याशिवाय.

"जॅम कमी वाटला म्हणे," ती डोळे पुसत म्हणाली. "काय बाई आहेस तू. मला वाटलं, आता ओरडशील, मग ओरडशील. आणि मघा? मघा माझ्यापुढं ताट फिरवलंस ते काय गरीब तोंड करून. 'हे पूर्ण घ्यायचं, वाढदिवसाचं.' मला सत्तर वर्षांत कुणी मोहरी घातली नाही, माहितीये तुला? टीमोच्या बाबांची छाती झाली नाही. आणि तू, तू हाम्बुर्गहून येऊन. चल, फिटंफाट झाली आपली."

तू. तुला. आहेस. वीबके एकेक वेचत होती. सासूच्या लक्षातही आलं नव्हतं. हसण्याच्या भरात ते आपोआप येत होतं, पोस्टमनसाठी येतं तसं. आता वीबकेने फक्त गप्प बसायचं होतं. थोडं गालात हसायचं, 'कशी जिरवली' असं तोंड करायचं, आणि पाच वर्षांचं दुखणं संपत होतं. कार्ड तिच्या कोपराखालीच होतं. सासूजवळ चष्मा नव्हता. कुणाला कळणार होतं?

पण मग जन्मभर तेच. दर कार्निवलला ही गोष्ट सांगितली जाणार, टीमोला, फेन्याला, शेजाऱ्यांना: सुनेने मला मोहरी दिली. आणि दर वेळी आपल्याला ठाऊक असणार की हे तू आपलं नाही, कुणा दुसऱ्याच धीट सुनेसाठी होतं. वीबकेला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

"ती मी नाही दिली," ती म्हणाली.

"कुणी मग, मधमाशीनं?"

"कार्डावर आहे. चार नंबर. सणाचं खास, मोहरी, बाकी काही नाही. मी वाचलंच नव्हतं. चुकून ताट फिरलं."

इर्मट्राउटचं हसू एकदम बंद नाही झालं; थोडं थोडं, जागोजागी विझत गेलं. तिने कार्ड घेतलं, हात ताणून धरलं आणि त्या मुंगीएवढ्या अक्षरांकडे डोळे बारीक करून बघत राहिली. वाचता आलं असेल असं नाही. मग तिने कार्ड खाली ठेवलं, केसांवरून हात फिरवला आणि पाठ सरळ केली.

"माफ करा, वीबके," ती म्हणाली. "मी तुम्हाला उगीच त्रास दिला. तुमच्याशी अशी मस्करी करायचा मला काही अधिकार नव्हता. मी त्यांना दुसरं क्रेपल आणायला सांगते, तुमच्यासाठी."

झालं. तुम्ही परत आलं, आणि आल्याआल्या पहिल्यापेक्षा ऐसपैस बसलं. वीबकेला वाटलं की आपण जगातली सगळ्यांत मूर्ख बाई आहोत. आणि मोहरी अजून डोक्यात होती म्हणा, की पाच वर्षं एकदम वर आली म्हणा, ती बोलून गेली.

"मला दुसरं क्रेपल नकोय. मला हेच हवं होतं. पाच वर्षं वाट बघतेय मी, कधी मला मोहरी येईल, कधी मला तू म्हणतील. सगळ्यांना म्हणता तुम्ही. बोक्याला म्हणता. या शिंगवाल्याला म्हटलंत. मीच काय केलंय?"

मागू नये ते तिने मागितलं होतं, तेही भर हॉटेलात, वाहत्या नाकाने. इर्मट्राउट तिच्याकडे बघतच राहिली.

"वाट बघताय?" ती म्हणाली. "कशाची? मी दिलं होतं की तुम्हाला."

"काय?"

"तू. लग्नाआधी, कार्निवलला. चर्चच्या हॉलमध्ये आम्हा बायकांची क्रेपल-कॉफी होती, टीमो तुम्हाला घेऊन आला होता. मी मुद्दाम उठून तुमच्यापाशी आले. तू देताना माणूस आपलं पाळण्यातलं नाव सांगतं आणि हात पुढं करतं, दुसऱ्यानं हातात हात द्यायचा, तुमच्याकडे पण असंच असेल ना? माझ्या दोन्ही हातांत क्रेपलचं ताट. हात कुठून काढू? ताटच पुढं केलं आणि म्हटलं, 'मी इर्मट्राउट.' आणि तुम्ही..." तिचा आवाज दुखावलेला होता, अजूनही, जसाच्या तसा. "तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, 'नको, पोट भरलंय.'"

वीबकेला तो हॉल आठवला. स्टेजवर बँड, कानाशी भलामोठा ट्रॉम्बोन. ओळखी होताना प्रत्येक बाईने एकेक क्रेपल हातात ठेवलेलं, नाही कसं म्हणायचं म्हणून तिने सगळी खाल्लेली. आणि मग समोर आलेलं आणखी एक ताट, ताटामागे टीमोची आई, काहीतरी बोलणारे ओठ.

"वर पोटावरून हात फिरवलात," इर्मट्राउट म्हणाली.

"मला वाटलं, क्रेपल देताय."

"क्रेपल?"

"ऐकूच नाही आलं. तो बँड चालू होता. मला ताट दिसलं फक्त. मी आधीच पाच खाल्ली होती."

इर्मट्राउटने समोरचा ग्लास टेबलावर गोल फिरवला. मग म्हणाली, "मी घरी जाऊन टीमोच्या बाबांना विचारलं, की अहो, तूनं कुणाचं पोट भरतं का. ते म्हणाले, उत्तरेकडे म्हणत असतील तसं. आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला त्यावर."

"आणि टीमोला नाही विचारलं?"

"त्याला कशाला? ज्याचा अपमान झाला त्यानं तो गिळावा." तिने सफरचंदाच्या वाइनचा घोट घेतला. "आणि म्हणे कानाच्या मशीनचं दुकान. गावातले सगळे म्हातारे तुमच्याकडे कान दाखवायला येतात."

वीबके हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं, आणि नाक तर मघापासून वाहतच होतं. तिन्ही एकाच रुमालात गेलं. इर्मट्राउटने आपला रुमालही तिच्याकडे सरकवला. लेनार्ट लांबून अंदाज घेत होता. काळजीने जवळ येऊन तो म्हणाला, "मोहरी जास्त झाली का? तूच म्हणालीस, भर भरपूर."

"तू जा रे," इर्मट्राउट त्याला म्हणाली. "आम्ही बोलतोय."

तो गेला. आता बोलायचं कुणी हा प्रश्न राहिला. वीबकेने तर बोलून टाकलं होतं, तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. इर्मट्राउट बशीतलं आपलं क्रेपल काट्याने इकडून तिकडे ढकलत होती.

"दुसऱ्यांदा नाव सांगायची आमच्यात पद्धत नाही," ती शेवटी म्हणाली. "एकदा सांगायचं. घेतलं तर घेतलं."

"पण पहिल्यांदाचं मला ऐकूच आलं नव्हतं," वीबके म्हणाली. "म्हणजे ते झालंच नाही."

इर्मट्राउटने यावर विचार केला. कोर्टात आलेल्या मुद्द्यावर करावा तसा, छताकडे बघून, घाई न करता. मग तिने काटा खाली ठेवला. बशी बाजूला केली, ग्लास बाजूला केला, समोर काही म्हणून राहू दिलं नाही. बोटांची साखर रुमालाला पुसायला गेली, रुमाल सुनेकडे होता, तेव्हा स्कर्टला पुसली. आणि मोकळा उजवा हात टेबलावरून पुढे करून, बेकरीत मागच्या भट्टीपर्यंत पोचायचा तसल्या आवाजात, ती म्हणाली, "मी इर्मट्राउट."

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. वीबकेने तो हात दोन्ही हातांनी धरला. साखर नीट पुसली गेली नव्हती.

"मी वीबके," ती म्हणाली. "तू देशील ते खाईन."